कोट अंगाला बसला पाहिजे

कामं आवरून रेडिओजवळ बसलात ना? आज आम्ही कपड्यांबद्दल बोलणार आहोत, पण लग्नातल्या साडीबद्दल नाही. बँकेत, तालुक्याच्या बैठकीला किंवा खरेदीदाराला माल दाखवायला जाताना हल्ली आपल्यातल्या काही जणी साडीवर, ड्रेसवर कोट घालतात. मुली तर कोट-पॅन्टचा पूर्ण सूट घालतात. तो निवडायचा कसा, हे आम्ही चुकून शिकलो.

आमचा गट मसाल्याचा. मागच्या वर्षी शहरात खरेदीदारांच्या बैठकीला पाच जणी जाणार होतो. सगळ्या सारख्या दिसाव्यात म्हणून गटाच्या पैशातून एकाच मापाचे पाच तयार कोट आणले. आधी घालून कुणी पाहिलेच नाहीत. अध्यक्ष काकूंचा कोट काखेत इतका काचला की मसाल्याचं पाकीट वर धरून दाखवता येईना. बाही तळहातावर येई, ती त्या सारखी मागे सारत राहिल्या. बाजारात कुणाला न ऐकणाऱ्या काकू त्या दिवशी समोरच्याने सांगितलेल्या भावाला हो म्हणून आल्या. परतताना एसटीत म्हणाल्या, "हा कोट मागून आणलाय, असं सगळ्यांना कळतंय असंच वाटत होतं मला."

चूक काकूंची नव्हती, आमची होती. मग आम्ही तालुक्याच्या शिंपीदादांकडे गेलो. त्यांनी जे शिकवलं ते ऐका.

आधी खांदा बघायचा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाशी संपली पाहिजे. कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते. खांदा दुरुस्त करायचा तर बाही आणि अस्तर उसवावं लागतं, मजुरीही वाढते. म्हणून तयार कोट खांद्याला बसला नाही, तर स्वस्त असला तरी ठेवून द्यायचा. आतल्या नंबरावर जाऊ नका. एका कंपनीचा नंबर दुसरीच्या नंबराशी जुळतोच असं नाही.

मग बटण लावा. बटणापाशी आडव्या चुण्या पडल्या तर कोट घट्ट आहे. बाही मनगटाच्या हाडापर्यंत हवी. आता हात जोडून नमस्कार करा, वरच्या फळीवरचा डबा काढल्यासारखा हात वर करा, खुर्चीवर बसा, सही करून बघा. पॅन्ट असेल तर बसल्यावर कंबरेत रुतते का, तेही पाहा. आरशासमोर नुसतं उभं राहून काही कळत नाही.

शिवून घेणार असाल तर जे कपडे आत घालणार, तेच घालून माप द्या. साडीवर कोट घालायचा तर पदर घेऊनच. डाव्या खांद्यावर निऱ्यांची जाडी येते, ती मापात धरावी लागते. सुती कापड शिवण्याआधी पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं. शिवणीत माया ठेवायला सांगा. पुढे अंग भरलं तर कोट सैल करता येतो. कच्च्या शिलाईवर एकदा घालून बघाच. आणि खिसा मागा, मैत्रिणींनो! पेन आणि मोबाईल मावेल एवढा.

यंदा आम्ही पाच कोट एकदम केले नाहीत. जी बोलणार, तिचा आधी. काकूंचा कोट शिवला. या वेळच्या बैठकीत हवा तो भाव लगेच मिळाला असं नाही. पण खरेदीदाराने कमी भाव सांगितल्यावर काकू शांतपणे म्हणाल्या, "गटात हिशेब करते, उद्या कळवते." आणि त्या उठल्या. बाहीकडे त्यांचा हात एकदाही गेला नाही.

कोट घातलाच पाहिजे असं मुळीच नाही. नीट बसणारं ब्लाउज आणि रोजची साडीही तितकीच चांगली. जे घालाल ते अंगाला बसावं, म्हणजे लक्ष कामाकडे राहतं. आपलं अंग कपड्यात कोंबायचं नाही. कपडा आपल्या अंगाला बसवायचा.

या आठवड्याच्या बैठकीत टेप घेऊन बसा. खांदा, छाती, कंबर, बाही अशी एकमेकींची मापं घ्या आणि प्रत्येकीने आपापल्या वहीत लिहून ठेवा. मापावरून कुणी कुणाला हसायचं मात्र नाही हं!

पुन्हा भेटू. नमस्कार.