देश, काल आणि पात्र : वादळानंतरच्या दानाची कसोटी

(सेवाकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे शब्दांकन)



गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना तेथे देश, काल आणि पात्र या तीन गोष्टींचा विचार आलेला आहे. दान कोठे द्यावे, केव्हा द्यावे आणि कोणाच्या हाती द्यावे, हे तीन प्रश्न त्यात आहेत. घरोघरी हा अध्याय वाचला जातो. परंतु या तीन शब्दांचा खरा कस लागतो तो मोठ्या आपत्तीनंतर, जेव्हा चहूकडून साहाय्याचा ओघ सुरू होतो आणि तो नेमका कोठे वळवावा हे कळेनासे होते. अमेरिकेतील ह्यूस्टन नगरावर २०१७ साली ओढवलेली आपत्ती आणि तिच्यानंतरचा दानव्यवहार या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

दि. २५ ऑगस्ट २०१७ च्या रात्री ‘हार्वे’ हे चक्रीवादळ टेक्सास राज्यातील रॉकपोर्ट या गावाजवळ किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २१० किलोमीटर होता. तथापि वाऱ्यापेक्षा मोठा घात केला तो पावसाने. किनारा ओलांडल्यावर अशी वादळे सामान्यतः पुढे सरकतात आणि विरून जातात. हार्वे मात्र टेक्सासच्या आग्नेय भागावर कित्येक दिवस रेंगाळत राहिले. नेदरलँड नावाच्या गावी त्या दिवसांत साठ इंचांहून अधिक, म्हणजे सुमारे १,५४० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे ज्यांना आठवते त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

ह्यूस्टन हे अमेरिकेतील चौथ्या क्रमांकाचे मोठे शहर. ते ज्या हॅरिस काउंटीत, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागात मोडते, तेथे दीड लाखांहून अधिक घरांत पाणी शिरले. शहराच्या पश्चिमेस अ‍ॅडिक्स आणि बार्कर हे दोन पूरनियंत्रक जलाशय १९४० च्या दशकात बांधलेले आहेत. ते काठोकाठ भरल्यावर पाणी सोडणे भाग पडले आणि ज्या वस्त्यांनी पूर्वी कधी पूर पाहिला नव्हता, त्यांच्या दिवाणखान्यांतून पाणी वाहू लागले. पूररेषेच्या बाहेर आपले घर आहे या विश्वासावर बहुसंख्य कुटुंबांनी पुराचा विमाच उतरवला नव्हता. एकूण हानीचा अंदाज सुमारे १२५ अब्ज डॉलर इतका केला गेला. जगातील सर्वांत संपन्न राष्ट्रातही निसर्गाच्या एका फटक्याने मध्यमवर्गीय माणूस रस्त्यावर येऊ शकतो, हे त्या आठवड्यात दिसले.

पहिले काही दिवस पराक्रमाचे असतात. आपापल्या होड्या घेऊन सामान्य नागरिक शेजाऱ्यांना बाहेर काढीत होते. शहराच्या मध्यवर्ती संमेलनगृहात हजारो लोकांना आसरा मिळाला होता. दूरचित्रवाणीवर ही दृश्ये पाहून देशभरातून पैसा येऊ लागला. पण पाणी ओसरले, कॅमेरे परतले आणि मग आपत्तीचा खरा, दीर्घ आणि कंटाळवाणा काळ सुरू झाला. दानाची कसोटी लागते ती या काळात.

प्रथम ‘देश’ या कसोटीचा विचार करू. ह्यूस्टनचे तत्कालीन महापौर सिल्व्हेस्टर टर्नर आणि काउंटीचे प्रशासनप्रमुख एड एमेट यांनी वादळ चालू असतानाच एक मदतनिधी उभारण्याची घोषणा केली. त्याची व्यवस्था त्यांनी शासकीय खात्याकडे न देता ग्रेटर ह्यूस्टन कम्युनिटी फाउंडेशन या नगरातील लोकन्यासाकडे सोपवली. असे लोकन्यास हे अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनाचे एक वैशिष्ट्य आहे. १९१४ साली क्लीव्हलँड येथील फ्रेडरिक गॉफ या बँक व्यावसायिकाने पहिला असा न्यास स्थापन केला. एका गावातील अनेकांनी दिलेल्या देणग्या एकत्र करून कायम निधी उभारावयाचा आणि त्याच गावातील जाणत्या मंडळींनी त्यातून स्थानिक संस्थांना अनुदाने द्यावयाची, अशी ही पद्धत आहे. देवस्थानाच्या निधीतून गावची धर्मशाळा आणि पाठशाळा चालवणाऱ्या समाजाला ही कल्पना परकी वाटू नये.

या निधीत अकरा कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. ती थेट व्यक्तींना न वाटता शंभराहून अधिक संस्थांना टप्प्याटप्प्याने अनुदान म्हणून देण्यात आली. कोणी तात्पुरता निवारा पाहत होते, कोणी घरदुरुस्ती, कोणी मानसिक आधार, कोणी कायद्याचे साहाय्य. कोणत्या वस्तीत गरज अधिक आहे आणि साहाय्य कोठे पोहोचलेले नाही, याच्या पाहणीसाठी राइस विद्यापीठाच्या किंडर नागरी संशोधन संस्थेचे साहाय्य घेण्यात आले.

स्थानिक संस्थांनाच का द्यावे, या प्रश्नाचे उत्तर ईशान्य ह्यूस्टनमधील कॅशमियर गार्डन्स या वस्तीत मिळते. ही प्रामुख्याने कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांची जुनी वस्ती. घरे आजोबांनी बांधलेली, नातवंडे त्यांत राहणारी. पण कागदोपत्री घर अजून आजोबांच्याच नावावर. वारसनोंद कोणी केलेली नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर मयताचे नाव तसेच राहिल्याने जी अडचण होते, तीच तेथे झाली. ‘फेमा’ ही केंद्रीय आपत्ती साहाय्य संस्था त्या काळी घरदुरुस्तीच्या साहाय्यासाठी मालकीचे कागद मागत असे. कागद नाहीत म्हणून साहाय्य नाही. हा नियम पुढे २०२१ साली शिथिल झाला. परंतु २०१७ साली ज्याचे छप्पर गेले त्याला त्याचा काय उपयोग? अशा कुटुंबासोबत बसून, मृत्यूचे दाखले आणि कराच्या पावत्या गोळा करून, वकिलाकडून वारसहक्क सिद्ध करून घेण्याचे काम दूरच्या राजधानीतील अधिकारी करू शकत नाही. ते त्या वस्तीत वावरणारा, तिची भाषा आणि तिचा संकोच जाणणारा कार्यकर्ताच करू शकतो. निधीच्या अनुदानातून कायदेविषयक साहाय्य करणाऱ्या संस्थांना बळ देण्यामागे हीच दृष्टी होती.

दुसरी कसोटी ‘काल’. तेथील बहुतेक घरे लाकडी सांगाड्याची. आतल्या भिंती जिप्समच्या तक्त्यांच्या. पाणी शिरले की हे तक्ते ओलावा शोषून घेतात आणि एक-दोन दिवसांतच त्यांवर बुरशी धरू लागते. म्हणून भिंती कमरेएवढ्या उंचीपर्यंत फोडून काढाव्या लागतात, आतला सांगाडा वाळवावा लागतो. हे काम वेळेत झाले नाही तर पुढे संपूर्ण घर राहण्यास अयोग्य ठरू शकते. वृद्ध दांपत्य किंवा एकटी विधवा हे कसे करणार? येथे स्वयंसेवक हवेत आणि त्यांच्या हाती अवजारे हवीत. ती अवजारे, हातमोजे, मुखपट्ट्या आणि वाहने यांसाठी पैसा तत्काळ लागतो.

मात्र दुसऱ्या टोकाला, हाच काल वर्षांच्या मापाने मोजावा लागतो. फेमाचे साहाय्य एका कुटुंबाला अधिकात अधिक तेहेतीस हजार डॉलरच्या आसपास मिळू शकत होते आणि प्रत्यक्षात बहुतेकांच्या हाती पडले ते त्याहून पुष्कळच कमी. घरबांधणीसाठी केंद्राने मंजूर केलेला मोठा निधी आला खरा, पण ह्यूस्टन नगराची घरमालकांसाठीची योजना सुरू होईतो २०१९ साल उजाडले. मधल्या सव्वा वर्षात कुटुंबाने कोठे राहावे? उघड्या सांगाड्याच्या घरात, एका खोलीत चूल मांडून अनेकांनी दोन-दोन हिवाळे काढले. हे अंतर भरून काढले ते स्थानिक संस्थांनी. प्रत्येक कुटुंबामागे एक प्रशिक्षित कार्यकर्ता नेमावयाचा, त्याने विमा, शासन, धर्मसंस्था आणि न्यास या सर्व दारांची माहिती ठेवावयाची आणि घर पुन्हा उभे राहीपर्यंत त्या कुटुंबाची साथ सोडावयाची नाही, अशी ही पद्धत आहे. अशा कार्यकर्त्याला महिनोन्महिने वेतन द्यावे लागते. अन्नाच्या पाकिटासाठी देणगी देणारे पुष्कळ मिळतात. कार्यकर्त्याच्या वेतनासाठी देणारे विरळा. अनुदानाचे मोल येथे कळते.

तिसरी आणि सर्वांत कठीण कसोटी ‘पात्र’ ही होय. २००५ साली कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले, तेव्हा अमेरिकन रेडक्रॉसकडे दोन अब्ज डॉलरहून अधिक देणग्या जमा झाल्या. भारत सरकारनेही त्या वेळी रेडक्रॉसला ५० लाख डॉलर दिले होते आणि आपल्या वायुदलाचे विमान साहाय्यसामग्री घेऊन गेले होते. रेडक्रॉसने त्या निधीतून लक्षावधी कुटुंबांना निवारा, अन्न आणि रोख साहाय्य दिले, यात शंका नाही. परंतु तातडीचे साहाय्य हा एक विषय आणि मोडलेली वस्ती पुन्हा वसवणे हा दुसरा. दुसऱ्या कामाला मोठे नाव पुरत नाही, तेथे मुळे असलेली संस्था लागते.

याचा दाखला न्यू ऑर्लिन्सच्या पूर्व भागातील व्हिएतनामी वस्तीने दिला. १९७५ नंतर मातृभूमीतून निर्वासित होऊन आलेले हे लोक. त्यांच्या वस्तीचे केंद्र होते त्यांचे प्रार्थनास्थळ. पुरानंतर तेथील धर्मगुरूंनी निरनिराळ्या गावी विखुरलेल्या आपल्या लोकांचा शोध घेतला. नगराचा तो भाग अजून अंधारात असतानाच कुटुंबे परतू लागली. परतलेल्यांच्या स्वाक्षऱ्या गोळा करून वीज कंपनीपुढे ठेवण्यात आल्या आणि वस्तीत वीज आली. २००६ साली त्यांनी स्वतःची विकाससंस्था स्थापन केली आणि पुढे न्यासांची अनुदाने तिच्याकडे आली. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी समाज उभा राहिला, मग संस्था झाली आणि त्यानंतर अनुदान आले. जेथे क्रम उलटा असतो, जेथे अनुदान येते म्हणून संस्था जन्माला येते, तेथे अनुदान संपताच संस्थाही संपते.

भारतीय वंशाच्या समाजापुढेही हार्वेच्या काळात हीच परीक्षा होती. ह्यूस्टन विद्यापीठाच्या परिसरात सुमारे दोनशे भारतीय विद्यार्थी पाण्याने वेढले गेल्याचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी सांगितले, तेव्हा येथील अनेक घरांत काळजाचा ठोका चुकला होता. तेथील वाणिज्य दूतावास आणि भारतीय समाज त्यांच्या साहाय्यास धावला. ह्यूस्टनमध्येच मुख्यालय असलेल्या सेवा इंटरनॅशनल या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी सुटकेपासून अन्नवाटपापर्यंत आणि घरे साफ करण्यापासून पुढे पुनर्वसनापर्यंत काम केले. हे काम करताना समोरचा हिंदू आहे की ख्रिस्ती, गोरा आहे की काळा, याचा विचार कोणी केला नाही. २००१ च्या गुजरात भूकंपाच्या वेळी याच अनिवासी समाजाने भारतात साहाय्य पाठवले होते. तेव्हा तो दूरचा दाता होता. २०१७ साली तो स्वतः पूरग्रस्त नगराचा रहिवासी होता. जेथे राहावयाचे तेथील समाजाच्या सुखदुःखाशी एकरूप व्हावयाचे, या संस्काराचेच हे फळ.

अनुदानपद्धतीत दोष नाहीत असे मात्र समजू नये. उत्तम अर्ज लिहू शकणारी, हिशेबनीस आणि लेखापरीक्षक पदरी असलेली संस्था पुढे सरकते. गल्लीतल्या चार मंडळींनी चालवलेली प्रामाणिक संस्था कागदांअभावी मागे राहते. त्यावर उपाय दोन्ही बाजूंनी करावा लागतो. दात्याने छोट्या संस्थेवर विश्वास टाकण्याची तयारी ठेवावी. छोट्या संस्थेने पैशापैशाचा हिशेब चोख ठेवण्याची शिस्त अंगी बाणवावी. सेवाभाव उत्कट असला म्हणजे पावतीपुस्तकाची आवश्यकता उरत नाही, हा आपल्याकडील गोड गैरसमज आहे. चोख हिशेब हे दात्याच्या श्रद्धेचे रक्षण होय.

हा विचार महाराष्ट्राच्या किनाऱ्याला तर अगदी जवळचा आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. छपरावरचे पत्रे महिन्या-दोन महिन्यांत बसतात. पण पोफळीचे रोप लावल्यापासून उत्पन्न हाती येईतो पाच-सात वर्षे जातात. तेवढा काळ त्या बागायतदाराने काय खावे, हा प्रश्न ह्यूस्टनच्या त्या उघड्या सांगाड्याच्या घरासारखाच आहे. धान्याचे किट देऊन तो सुटत नाही. रोपे, कुंपण, मधल्या काळातील आंतरपीक, मुलांचे शिक्षण या सर्वांची पाच वर्षांची योजना गावातल्याच कोणीतरी हाती घ्यावी लागते आणि पुण्या-मुंबईच्या दात्याने पाच वर्षे तिच्या पाठीशी राहावे लागते.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपत्तीची वाट पाहत बसू नये. ह्यूस्टनमध्ये ज्या संस्थांना पहिल्या टप्प्यात अनुदान मिळाले, त्या वादळाआधी वर्षानुवर्षे वस्त्यांत काम करीत होत्या. त्यांच्याकडे घरांच्या याद्या होत्या, माणसांचा विश्वास होता आणि हिशेबाच्या वह्या होत्या. या तिन्ही गोष्टी संकटाच्या रात्री निर्माण करता येत नाहीत. पुढच्या वादळाची तिथी कोणालाच ठाऊक नाही. आपल्या वस्तीत कोणत्या घरी कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाचे घर अजून मयताच्या नावावर आहे, कोणाकडे होडी आहे आणि कोणाला पोहता येते, हे मात्र आजच्या आज ठाऊक करून घेता येते. त्यासाठी कोणत्याही अनुदानाची आवश्यकता नाही.