फोटोंच्या दोन प्रती, दोन घरी

बचत गटातल्या कुणी लग्नाचे फोटो काढायचं काम घेत असाल, तर हे ऐका. मोठ्या कॅमेऱ्याचा ‘रॉ’ फोटो 25 एमबीचा धरला, तर 1 टीबीच्या डिस्कवर सुमारे 40,000 मावतात. साध्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते; पडली की बिघडू शकते. एसएसडी धक्का सोसते, पण महाग पडते. म्हणून साठवणीला दोन हार्ड डिस्क घ्या. एक घरी, दुसरी माहेरी. जुलै 2018मध्ये वसई-नालासोपाऱ्यात पाणी भरलं होतं, आठवतं ना? एकाच कपाटातल्या दोन्ही प्रती एकदमच भिजतील. दोन्ही उघडून पाहिल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड पुसू नका. फोटो गेले म्हणून कुणाचं लग्न पुन्हा लागत नाही!