वकिलीचा नफा कोणाच्या श्रमातून?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मुंबईतील एका सॉलिसिटर फर्मच्या कर्मचाऱ्यांनी बोनस मागितला आणि तो तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६२ साली न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी निर्णय दिला की, सॉलिसिटरचा व्यवसाय हा कायद्याच्या अर्थाने ‘उद्योग’ नव्हे. अशील येतो तो वकिलाच्या व्यक्तिगत बुद्धीसाठी. कारकून-टंकलेखकांच्या श्रमाचा त्या सल्ल्याशी प्रत्यक्ष संबंध नाही, असे त्यामागील तर्कशास्त्र होते. निर्णय कायद्याचा असला तरी त्याच्या मुळाशी अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. फर्मचे उत्पन्न निर्माण कोण करते?

हा धंदा ज्या देशात सर्वाधिक फोफावला त्या अमेरिकेत याचे उत्तर स्पष्ट दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये पॉल क्रॅव्हाथ यांनी एक पद्धत रूढ केली. अव्वल पदवीधर पगारावर घ्यावयाचे, काही वर्षे राबवून पारखावयाचे, मोजक्यांना भागीदार करावयाचे आणि उरलेल्यांना निरोप द्यावयाचा. पुढे त्याला तासांच्या आकारणीची जोड मिळाली. सहा-सहा मिनिटांची नोंद होऊ लागली.

समजा, एका पगारी वकिलाचे वर्षाला २,००० तास अशिलांच्या खात्यावर लागले आणि तासाचा दर ३०० डॉलर आहे. उत्पन्न झाले ६ लाख. एक तृतीयांश वेतन, एक तृतीयांश कार्यालयीन खर्च आणि एक तृतीयांश नफा, असा तेथील जुना ढोबळ हिशेब आहे. म्हणजे एका वकिलामागे भागीदारांना २ लाख. हाताखाली चार असतील तर ८ लाख! भागीदाराच्या बुद्धीचे मोल मी नाकारीत नाही. परंतु त्याचाही दिवस चोवीस तासांचाच असतो. त्यापलीकडची कमाई दुसऱ्यांच्या तासांतूनच होते. वरकड मूल्य म्हणतात ते याहून वेगळे काय?

जोखमीची वाटणीही अशीच. न्यूयॉर्कची ‘ड्यूई अँड लेबफ’ ही हजारांहून अधिक वकिलांची फर्म २०१२ साली दिवाळखोरीत गेली. नामांकित भागीदारांना ठरावीक मोबदल्याची हमी दिली होती. उत्पन्न तितके झाले नाही. भागीदार आपापले अशील घेऊन दुसरीकडे गेले. साध्या कर्मचाऱ्यांपाशी न्यावयास अशील नव्हते; ते बेकार झाले.

आपल्याकडे १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर व सहकाऱ्यांनी बहुमताने १९६२ ची भूमिका नाकारली. एकट्या वकिलाच्या कारकुनासारखे किरकोळ अपवाद सोडता, संघटित व्यवसाय ‘उद्योग’ ठरला. परंतु १९९१ नंतर मुंबई-दिल्लीत मोठ्या फर्म वाढल्या, तसा नवा पेच उभा राहिला. पूर्णवेळ पगारी नोकरास वकिली करता येत नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे. त्यामुळे फर्ममधील अनेक तरुण वकील कागदोपत्री ‘स्वतंत्र व्यावसायिक’ असतात. रात्री बारापर्यंत राबणाऱ्या त्या मुलामुलींना ना भविष्यनिर्वाह निधी, ना कामाच्या तासांची मर्यादा.

कामगार न्यायालयात या फर्मशी आपली गाठ मालकाचे वकील म्हणूनच पडते. पण त्यांचे मसुदे लिहिणारे, टंकित करणारे, कागद वाहणारे हातही कष्टकऱ्यांचेच आहेत. त्यांच्यापर्यंत आपली संघटना अद्याप पोहोचलेली नाही. काळा कोट पाहून आपण बिचकू नये. तासांचा हिशेब मागावा.