मशीन बंद पडलं, हप्ता बंद पडत नाही
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी शिलाई मशीनबद्दल जे सांगितलं, ते बैठकीला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी)



मशीन चालवायला मी तुम्हाला शिकवणार नाही. ते तुमच्यातल्या कितीतरी जणींना माझ्यापेक्षा चांगलं येतं. आज मशीनच्या भागांची फक्त ओळख करून घ्यायची आहे. कारण आपल्याच एका गटातल्या ताईंचं मशीन ऐन लग्नसराईत तीन आठवडे चादरीखाली पडून होतं. गटाचा हप्ता मात्र मजुरीच्या पैशातून भरावा लागला. शेवटी कळलं काय, तर सुई उलटी बसलेली! घरातले म्हणत होते, "हात लावू नकोस, आणखी बिघडेल." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कर्ज आपल्या नावावर आणि हात लावायची परवानगी दुसऱ्याकडे, हे काही मला पटत नाही.

म्हणून आधी सुईच बघू. हाताने शिवायच्या सुईला नेढं मागे असतं, मशीनच्या सुईला टोकाशी. एवढीशी गोष्ट, पण मशीनची शिलाई त्यावरच उभी आहे. अमेरिकेत एलियास होवे यांनी १८४६ साली अशाच सुईच्या मशीनचं पेटंट घेतलं होतं. सुई खाली जाऊन थोडी वर येते, तेव्हा दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. खाली शटलचं टोक तो फास पकडतं आणि बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवून आणतं. मग वरची दांडी, जी सारखी वर-खाली नाचते ती, दोरा ओढून टाका घट्ट करते. चाक हाताने सावकाश फिरवून हे एकदा डोळ्यांनी बघाच. चाक आपल्याकडे फिरवायचं, उलटं फिरवलं की दोरा अडकतो नाहीतर तुटतो.

आता घरातली सुई हातात घ्या. वरच्या जाड भागाला एक बाजू सपाट असते. दुसऱ्या बाजूला नेढ्यापर्यंत लांब खाच असते. ज्या बाजूने दोरा ओवता, त्या बाजूला खाच आली पाहिजे आणि सपाट बाजू तिच्या विरुद्ध. सुई वरपर्यंत ढकलून मगच स्क्रू आवळा. टाके सुटायला लागले की पहिला संशय सुईवर घ्या. उलटी आहे का, बोथट आहे का, वाकली आहे का? नंबरही बघा. पातळ कापडाला ११, नेहमीच्या सुतीला १४, जाड कापडाला १६ किंवा १८.

दुसरी तक्रार सगळ्यात जास्त येते: कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता होतो. गुंता खाली दिसतो म्हणून आपण बॉबिनलाच दोष देतो आणि बॉबिन केसचा स्क्रू पिळत बसतो. बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये दोरा नीट बसलेलाच नसतो. कापड दाबणारा पाय वर उचलला की या चकत्या सैल होतात, म्हणून दोरा ओवताना पाय वर ठेवायचा आणि शिवताना खाली. पाय खाली घ्यायचा राहिला, तरी गुंता ठरलेला.

बॉबिन केस तपासायचीही सोपी रीत आहे. बॉबिन आत घालून केस दोऱ्याला धरून लटकवा. हलका झटका दिला की ती थोडी खाली सरकून थांबली पाहिजे. सरसर खाली आली तर स्क्रू सैल, हललीच नाही तर फार घट्ट. स्क्रू पाव फेराच फिरवा, आणि फिरवताना खाली ताट ठेवा. तो मातीत पडला तर सापडत नाही. दुकानात जाताना जुनं बॉबिन सोबत न्या. "ते खालचं गोल गोल द्या" म्हटलं की दुकानदार हाताला लागेल ते देतो.

सुईखालचे दाते कापड पुढे सरकवतात. त्यांच्यामध्ये कापडाची लव साचते, ती जुन्या दातघासायच्या ब्रशने काढा. तेलाच्या भोकांत आणि शटलजवळ एक-दोन थेंब पुरे. पण मशीनचंच तेल! खोबरेल किंवा गोडं तेल काही दिवसांनी चिकट होतं आणि मशीन जड चालतं. तेल घातल्यावर आधी चिंधीवर शिवून घ्या, नाहीतर गिऱ्हाइकाच्या कापडावर डाग पडेल.

पट्टा, पायडल यांबद्दल फार सांगत नाही, ते तुम्ही रोज बघताच. शटलला ओरखडा पडला असेल किंवा सुई आणि शटलचा मेळच बिघडला असेल, तर मात्र कारागिरालाच बोलवा. तेव्हासुद्धा समोर बसा. कोणता भाग काढला, नवा कोणता घातला, ते नावासकट विचारा आणि जुना भाग मागून घ्या. पावती मिळाली तर उत्तमच, गटाच्या वहीत नोंद करता येते.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपली बॉबिन केस आणि सध्या मशीनला लावलेली सुई घेऊन यायची आहे. नवी सुई आणू नका, वापरातलीच आणा. एका मशीनचं हेड आम्ही टेबलावर उघडून ठेवू. ज्यांना अजून चाकाला हात लावायची भीती वाटते, त्यांनी पुढे बसावं.