लिंगझी : अमरत्वाचें अळंबें

चीनमधील जुन्या चित्रांत व कोरीव कामांत तोंडांत अळंबें धरलेलें हरिण वारंवार आढळतें. तें अळंबें म्हणजे लिंगझी; जपानी लोक त्यासच रेइशी म्हणतात. लाखेचें रोगण दिल्याप्रमाणें चकाकणारी त्याची तांबूस टोपी कुजत चाललेल्या झाडांच्या बुंध्यांशीं उगवते. भाजी करून खाण्याजोगें हें अळंबें नव्हे. तें कठीण आणि कडू असतें. कोंकणांत मुलांचें तोंड आलें असतां फणसाच्या खोडावरील फणसाळंबें उगाळून लावतात. तें ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस या लाकडी काठिण्याची कल्पना सहज येईल.

शेन-नोंगच्या नांवावर मोडणाऱ्या प्राचीन चिनी औषधिग्रंथांत लिंगझीची गणना श्रेष्ठ औषधांत केली असून, दीर्घकाल सेवनानें आयुष्य वाढतें असें म्हटलें आहे. या कीर्तीवर खडखडीत आक्षेप घेतला तो कोणा परकीयानें नव्हे, तर ली शिझेन या चिनी वैद्यानेंच. १५७८ सालीं पुऱ्या केलेल्या आपल्या औषधिकोशांत त्यानें हें अळंबें माणसाच्या अंगावरील आवाळूच्या पंक्तीस बसविलें, आणि तें खाऊन अमर होतां येतें ही समजूत खुळी ठरविली.

तथापि आक्षेपानें औषधिगुणांचा प्रश्न सुटत नाहीं. या अळंब्यांत दोन प्रकारचीं द्रव्यें महत्त्वाचीं आहेत. बीटा-ग्लुकन ही दीर्घ साखळीची शर्करा. ती उकळत्या पाण्यांत उतरते व शरीरांतील रोगजंतुभक्षक पेशींस चेतविते. दुसरीं ट्रायटर्पीन वर्गांतील, कडूपणा त्यांचाच. त्यांपैकीं गॅनोडेरिक आम्लें १९८२ मध्यें प्रथम वेगळीं करण्यांत आलीं. हीं द्रव्यें मद्यार्कांत अधिक विरघळतात; म्हणजे काढा व अर्क हीं एकाच अळंब्याचीं दोन निराळीं औषधें होत. विक्रेते हा भेद क्वचितच सांगतात!

परंतु परीक्षानळींतील पेशी चेतणें निराळें आणि रोगी बरा होणें निराळें. कर्करोगावरील ५ चांचण्यांचा, एकूण ३७३ रोग्यांचा, कॉक्रेन संस्थेनें २०१२ मध्यें आढावा घेतला. नेहमीच्या उपचारांस लिंगझीची जोड दिली असतां कांहीं रोग्यांत प्रतिसाद अधिक चांगला दिसला. पण केवळ लिंगझीनें गांठ आटते किंवा आयुष्य वाढतें, असें सिद्ध झालें नाहीं. मधुमेहींविषयीं २०१५ मध्यें झालेल्या आढाव्यांतही रक्तशर्करा कमी करण्यासाठीं तें वापरावें, असा पुरावा आढळला नाहीं. या स्थितींत उपचार सोडून पुडीवर विसंबणारा रोगी मौल्यवान् वेळ गमावतो, हेंच खरें संकट. तें पुडीच्या किंमतीपेक्षां फार मोठें आहे.

शिवाय पुडी सर्वांस निरुपद्रवी असतेच असें नाहीं. चूर्णाच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. रक्त पातळ ठेवण्याचें औषध घेणाऱ्यानें, किंवा ज्याची शस्त्रक्रिया ठरली आहे अशानें, आपण हें घेत असल्याचें डॉक्टरांस न विचारतां सांगावें, कारण लिंगझीमुळें रक्तस्राव वाढण्याचा संभव असतो.