गुरुजींना न विचारता



प्रथम एक साधा हिशेब मांडू. वर्गात २५ मुले आहेत. गणिताच्या तासाला प्रत्येक मूल एकदाच, फक्त एकदाच, उठून टेबलापाशी आले आणि "गुरुजी, आता पुढं काय करू?" एवढेच विचारून गेले. एकेकापाशी दोन मिनिटे गेली, तर ५० मिनिटे झाली. तास तर ३५-४० मिनिटांचा. त्यातून शाळा द्विशिक्षकी असली, तर त्याच खोलीत पलीकडे तोंड करून दुसरी इयत्ता बसलेली असते. तिच्या वाट्याला काय उरले?

रांगेत उभे राहिलेले मूल निदान दिसते तरी. मला काळजी वाटते ती रांगेत न येणाऱ्याची. ते भिडस्त असते. शेजाऱ्याच्या वहीतले उत्तर उतरवून घेते, वही भरलेली असते, आणि भरलेल्या वहीवर बरोबरची खूण मिळते. अशीच मुले पुढे आमच्या महाविद्यालयात येतात. आकडेमोड त्यांना येते, पण दर पायरीला मान वर होते आणि डोळे विचारतात, "सर, बरोबर आहे ना?" ही सवय अकरावीत लागत नाही, तिसरीत लागते.

यावर काही शिक्षक एक साधा उपाय करतात, तो मला फार पटला. प्रत्येक मुलाला गणिताची स्वतःची एक फाईल द्यायची. फाईल म्हणजे काय, तर मधोमध दुमडलेला एक पुठ्ठा आणि आत चार-पाच पाने. अडले की मुलाने आधी फाईल उघडायची, मग शेजाऱ्याला विचारायचे, आणि तरीही अडले तर गुरुजींकडे जायचे. कल्पना अगदी नवी आहे असे नाही. आपल्या घरोघरी अंकलिपी होतीच. पण अंकलिपी सर्वांना सारखी. ही फाईल ज्या मुलाची, त्याच्या अडचणीची.

आत काय असावे? पहिले पान एक ते शंभर अंकांचे, आणि अंकांखाली अक्षरांत नावे. मराठी मुलाला हे पान फार लागते. आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. मग मूल ५२ लिहिते, यात त्याचा काय दोष? 'एकोणपन्नास' ऐकले की कानात पन्नास राहते आणि वहीत ५९ उमटतात. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस अशी ही 'एक उणे'वाली घरे निराळ्या रंगाने रंगवावीत. नव्याण्णव मात्र त्या रांगेत बसत नाही, हे मुलांनाच शोधू द्यावे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असे वाचन दिले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! त्या वादात मी शिरत नाही. मात्र ज्या अडचणीवर तो उपाय सुचवला होता, ती अडचण खरी आहे, आणि तिच्यावर एक रंगीत तक्ता पुष्कळ काम करतो.

दुसरे पान पाढ्यांचे. आता इथे पालक विचारतील, "बघून पाढे म्हणायचे, तर पाठ कधी होणार? आमच्या वेळी संध्याकाळी दिवेलागणीला परवचा म्हटल्याशिवाय ताट मिळत नसे!" त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पाढे पाठच हवेत. पाठांतर वाईट म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पण पाठ करायचे किती, ते नीट पाहा. दहापर्यंतच्या पाढ्यांत शंभर घरे दिसतात. एक, दोन, पाच आणि दहा यांचे गुणाकार मुलांना लवकर येतात, ते बाजूला ठेवा. राहिले तीन, चार, सहा, सात, आठ आणि नऊ. साती आठे आणि आठी साते छप्पनच, म्हणून जोडी एकदाच मोजायची. असे केले की उरतात फक्त एकवीस गुणाकार. शंभर घरांचा डोंगर पाहून जे मूल बसकण मारते, ते एकवीस म्हटल्यावर उभे राहते.

मग नियम असा करायचा: आधी आठवून पाहायचे, मगच फाईल उघडायची. उघडावी लागली, तर त्या घराशेजारी पेन्सिलीने एक ठिपका द्यायचा. एका शाळेत तिसरीतल्या एका मुलीची फाईल मी पाहिली. साती आठेच्या घरापाशी सात ठिपके होते, नऊच्या ओळीत एकही नव्हता. तिच्या बाईंना चाचणी न घेताच कळले की पोरीचे कुठे अडते. पुढे आठवडाभर ठिपका पडला नाही, तेव्हा बाईंनी त्या घरावर कागदाची चिठ्ठी डकवली. त्यानंतर ती मुलगी रोज फाईल दाखवून विचारू लागली, "बाई, आता कोणतं झाकायचं?"

फाईलचे सारे इंगित या झाकण्यात आहे. वर्षाअखेर ती जितकी झाकलेली, तितकी कामाला आली समजावे.

तिसऱ्या पानावर हातच्याची रीत. ५२ वजा २७, हे एकच उदाहरण पायरीपायरीने सोडवून दाखवलेले, शेजारी दशकाची जुडी सोडून सुट्या दहा काड्या केल्याचे चित्र. पण दिवसाच्या अभ्यासातले उदाहरण तिथे कधीही देऊ नये. फाईलमध्ये रीत असावी, उत्तर नसावे. उत्तर दिले की ती नक्कल झाली. रीत पाहणे ही नक्कल नव्हे. पोस्टातला कारकून दरपत्रक पाहतोच की, त्याला कोणी नापास करत नाही.

चौथे पान मापांचे. मूल दुकानात 'पाव किलो' ऐकते, पुस्तकात २५० ग्रॅम वाचते, आणि दोन्ही एकच हे त्याला कोणी सांगितलेले नसते. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, आणे-पै मागे पडले, पावकी-निमकी-सवायकी-दिडकीही शाळेतून गेली. पण सव्वा, दीड, अडीच, पाऊण हे शब्द बाजारातून गेले नाहीत. ते पानावर असू द्या: दीड लिटर म्हणजे १५०० मिलिलिटर, अडीचशे रुपये म्हणजे २५०. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, हेही लिहा. शेतकऱ्याच्या मुलाला ते घरी सांगता येईल आणि वडिलांशी पडताळून पाहता येईल.

खर्चाचे म्हणाल, तर जुन्या लग्नपत्रिका आणि कॅलेंडरचे पुठ्ठे याला उत्तम. पाने शक्यतो मुलांच्याच हाताने लिहून घ्यावीत. छापील तक्ता मूल फार लवकर विसरते. भाराभर पाने मात्र नकोत. वीस पानांत शोधत बसण्यापेक्षा गुरुजींना विचारणे सोपे, असे मूल म्हणेल, आणि ते खरेच असेल.

शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात एकच पान द्यावे, अंकांचे. ते कसे पाहायचे हे शिकवायला चार-पाच दिवस जातील, ते जाऊ द्यावेत. शनिवारी फाईल मिटून दहा उदाहरणे द्यावीत. आणि फाईल शाळेतच, खोक्यात नावाप्रमाणे ठेवावी. एकदा घरी गेली, की धाकट्या भावंडाच्या हाती लागते आणि सोमवारी तिची होडी होऊन येते.