मुलाचे म्हणणे ऐकून घ्या

(संस्थेच्या वार्षिक समारंभात घोडबंदर रोड परिसरातील पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



बक्षीस-समारंभाला आलेल्या पाहुण्याने अभ्यासाचे महत्त्व सांगावे, पहिल्या आलेल्या मुलांची पाठ थोपटावी आणि चहापाण्याला मोकळे व्हावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. आज मी तो मोडणार आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. मला बोलायचे आहे ते मुलांवर होणाऱ्या जुलमाविषयी. हा विषय शिक्षणाबाहेरचा आहे असे कोणी समजू नये. ज्या मुलाच्या मनात धास्ती बसली आहे, त्याच्या डोक्यात गणित शिरत नाही. आपण फी भरतो, गणवेश शिवतो, शिकवणी लावतो. पण मूल शाळेत, वाटेत आणि घरात निर्भय आहे का, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी माणसाने आपली चूक सांगावी, म्हणून माझी सांगतो. मी तीस वर्षे मास्तरकी केली. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात सहावीतला एक मुलगा मधल्या सुट्टीनंतर माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "सर, मला शिकवणीला जायचे नाही. तिथले सर..." एवढेच तो बोलला. मी त्याला पुढे बोलू दिले नाही. "मोठ्या माणसांविषयी असे बोलत नसतात. अभ्यास टाळायचे बहाणे पुरेत," असे म्हणून मी त्याला वर्गात पिटाळले. सुट्टीनंतर तो शाळेत परत आला नाही. घर बदलले असेल, असे मी मनाशी म्हटले आणि हजेरीपटावरच्या त्याच्या नावावर रेघ ओढली. तो पुढे काय सांगणार होता, हे मला आजही ठाऊक नाही. कदाचित काहीच नसेल. पण ते काहीच नव्हते, अशी खात्री मला उरलेल्या आयुष्यात कधीच होणार नाही. त्या मुलाने आपले काम केले होते. तो सांगायला आला होता. कमी पडलो तो मी.

आपल्याला वाटते, असे प्रकार दुसरीकडे होतात. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. 13 राज्यांतल्या 12,447 मुलांना प्रश्न विचारले होते. दर तीन मुलांपैकी दोघांनी मारहाण सोसल्याचे सांगितले. कुटुंबात मार खाल्लेल्या मुलांपैकी शंभरात 88 हून अधिक मुलांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले आणि त्यांतल्या बहुतेकांनी ही गोष्ट पूर्वी कोणालाही सांगितली नव्हती. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले लोक होते.

हा शेवटचा आकडा नीट ध्यानात घ्या. आपण मुलांना काय शिकवतो? अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस, कोणी हाक मारली तर गाडीजवळ जाऊ नकोस. हे शिकवलेच पाहिजे. मानपाड्यापासून ओवळ्यापर्यंत या रस्त्यावर आज केवढी वर्दळ आहे! एकीकडे जुनी गावठाणे, चाळी, दुसरीकडे वीस-वीस मजली इमारती. आईबाप सकाळीच गाडी पकडून मुंबईला जातात आणि मुलाच्या गळ्यात घराची किल्ली अडकवलेली असते. त्याला शाळेत नेणारा रिक्षावाला, लिफ्टजवळचा रखवालदार, शिकवणीचे मास्तर, शेजारचे चाचा, सुट्टीत राहायला आलेला नातेवाईक, ही सारी ओळखीची माणसे. त्यांतली बहुतेक भलीच असतात. पण एखादा तसा नसला, तर मुलाने काय करावे, हे आपण त्याला सांगतो का? उलट आपण सांगतो की मोठ्यांचे ऐकावे, मोठ्यांना उलट बोलू नये. तो मुलगा मग त्याप्रमाणेच वागतो आणि गप्प बसतो.

याच रस्त्यावर कासारवडवलीत 28 फेब्रुवारी 2016 रोजी जे घडले, ते आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. एका घरात एका रात्रीत 14 माणसांचा बळी गेला आणि त्यांत 7 मुले होती. मारणारा घरातलाच होता. त्यानेही नंतर जीव दिला. त्या कुटुंबाच्या दुःखावर मी भाष्य करणार नाही आणि कारणांच्या चर्चेत तर मुळीच पडणार नाही. मी एवढेच म्हणतो की, कुलूप चोरासाठी असते. घरात काही बिनसले असेल, तर त्यावर कुलपाचा इलाज नाही. "घरची गोष्ट घरातच राहिली पाहिजे" हे आपले आवडते वाक्य मुलांच्या बाबतीत फार महाग पडते.

परक्याविषयीची भीती आंधळी झाली की काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच गरीब माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून गावोगाव पसरली होती. ती पसरवणाऱ्या कित्येकांना वाटले असेल की आपण मुलांच्या रक्षणाचेच काम करीत आहोत. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे : आपल्या मोबाइलवर असा मजकूर आला, तर तो पुढे ढकलण्यापूर्वी पोलीस ठाण्याला विचारा. मुलांच्या रक्षणासाठी लोकांना सावध करणे हे चांगले काम आहे. पण सांगितलेली गोष्ट खरी नसेल, तर त्याने एकही मूल वाचत नाही, निरपराध माणसे मात्र मरतात.

आता आपल्या ठाणे जिल्ह्यातली दुसरी घटना. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाले. संशयित शाळेतलाच सफाई कर्मचारी होता. एवढ्याशा मुलींनी आपल्या शब्दांत घरी सांगितले आणि घरच्यांनी त्यांचे ऐकले, म्हणून गोष्ट उजेडात आली. पण मुलींचे ऐकणाऱ्या त्या आईबापांचे ऐकायला मात्र कोणी तयार नव्हते. तक्रार नोंदवून घ्यायला कित्येक तास लागले. 20 ऑगस्टला हजारो लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन प्रकरणाची दखल घेतली. पुढे संशयित पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मेला आणि त्यावरून वेगळा वाद उभा राहिला. त्या गदारोळात एक मुद्दा मागे पडू नये : शाळेच्या चालकांवरही गुन्हा दाखल झाला, कारण कळूनही त्यांनी पोलिसांना कळवले नाही, असा त्यांच्यावर आरोप होता.

हा कायदा प्रत्येक पालकाने, शिक्षकाने आणि विश्वस्ताने समजून घेतला पाहिजे. 2012 साली मुलांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा झाला. त्याला लोक पॉक्सो म्हणतात. अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीला तो लागू आहे. असा गुन्हा झाल्याचे ज्याला कळेल, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, असे त्याचे 19 वे कलम सांगते. न कळवणे हाच गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. उलट, सद्भावनेने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो. जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा आणि शक्यतो ती महिला असावी. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचे नाव, फोटो, शाळा, पत्ता प्रसिद्ध करता येत नाही. "बदनामी होईल" या भीतीने पुष्कळ आईबाप मागे फिरतात. त्यांनी एवढे जाणावे की कायद्याने मुलाची अब्रू झाकण्याची सोय केली आहे. ती उघडी पडते ती बहुधा आपल्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडून.

पोलीस ठाण्याची पायरी चढायला मन धजत नसेल, तर 1098 हा क्रमांक लक्षात ठेवा. 1996 साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांनी हे काम सुरू केले. रस्त्यावर, फलाटांवर राहणारी मुले संकटात सापडली की कोणाला हाक मारणार, या विचारातून ते निघाले. क्रमांक असा निवडला की शाळेचे तोंड न पाहिलेल्या मुलालाही तो पाठ व्हावा : दस, नौ, आठ. 2023 पासून ही सेवा सरकारी यंत्रणा चालवते आणि ती 112 या क्रमांकाशी जोडलेली आहे. फोनला पैसे पडत नाहीत. मूल स्वतः फोन करू शकते, शेजारी करू शकतो, शिक्षक करू शकतो.

आता थोडे छडीविषयी. येथे बसलेल्या शिक्षकबंधूंना राग येईल. मीही छडी हातात धरलेला माणूस आहे. शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्याने शाळेत मारहाण आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी केली. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही असा निकाल दिला. तेव्हा आपल्यापैकी कोणी असे म्हणेल की, मग आपल्याला छडीची मोकळीक आहे. मुळीच नाही. मुलाचा सांभाळ ज्याच्याकडे आहे त्याने त्याला क्रूरपणे वागवले, तर 2015 च्या बालन्याय कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी एक व्यवहाराची गोष्ट पाहा. जे मूल आपल्या हातचा मार खाते, ते दुसऱ्याने मारले हे आपल्याला कशाला सांगायला येईल? माझ्याकडे आलेला तो मुलगा दुसऱ्यांदा का आला नाही, याचे उत्तर माझ्या टेबलावरच पडलेले होते. हजरत अनस यांनी लहान वयात दहा वर्षे पैगंबरसाहेबांची सेवा केली आणि त्या दहा वर्षांत आपल्याला त्यांनी कधी रागाने बोल लावला नाही, असे सांगून ठेवले. ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. ती आधी आपण लक्षात ठेवावी.

मूल सांगायला आले, तर काय करावे? हातातले काम बाजूला ठेवून ऐकावे. मध्येच उलटतपासणी करू नये. "आधी का नाही सांगितलेस?" असे तर कधीच विचारू नये. "तू सांगितलेस हे फार चांगले केलेस, यात तुझी चूक नाही," असे म्हणावे. इजा झाली असेल तर लगेच दवाखान्यात न्यावे. अशा प्रसंगी सरकारी असो वा खाजगी, रुग्णालयाने पहिले उपचार मोफत केलेच पाहिजेत. अंगावरचे कपडे धुऊ नयेत, ते तपासाला लागतात. मग पोलिसांना किंवा 1098 ला कळवावे. गल्लीत, जमातीत, मोबाइलवर मात्र काहीही सांगू नये. ज्याच्यावर संशय आहे त्याच्याशी "आपसांत मिटवून घेण्याच्या" भानगडीत तर पडूच नये. त्यात मिटते ते फक्त मुलाचे तोंड.

संस्थेच्या चालकांना माझ्या तीन नम्र सूचना आहेत. एक, मुलांनी मन मोकळे करावे अशी एक शिक्षिका आणि एक शिक्षक नेमा आणि त्यांची नावे प्रत्येक वर्गात सांगा. दोन, 1098 हा आकडा मराठीत व उर्दूत शाळेच्या भिंतीवर रंगवा; मात्र तो बालवर्गातल्या मुलाच्या डोळ्यांसमोर येईल इतका खाली, पाहुण्यांना दिसेल इतका वर नव्हे. तीन, वर्षातून दोनदा पालकांची सभा फक्त याच विषयावर बोलवा आणि तीत रिक्षावाले, शिपाई, सफाई कामगार यांनाही मानाने बसवा. मुलांना रोज नेणारे-आणणारे हे लोक आपल्या बाजूचे झाले, तर याहून चांगला पहारा नाही.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. तुमचे शरीर तुमचे आहे. कोणी हात लावला आणि तुम्हाला तो नकोसा वाटला, तर "नको" म्हणणे हा उद्धटपणा नाही, मग तो माणूस वयाने कितीही मोठा असो. "कोणाला सांगू नकोस" असे जो म्हणतो, त्याची गोष्ट नक्की सांगा. अम्मीला सांगा, अब्बांना सांगा, आजीला सांगा, बाईंना सांगा. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याकडे जा, दुसऱ्याने ऐकले नाही तर तिसऱ्याकडे जा. ऐकणारा मिळेपर्यंत थांबू नका. न ऐकणारी मोठी माणसे असतात. त्यांच्यापैकी एक आज तुमच्यासमोर उभा आहे.

पालकहो, आज घरी गेल्यावर मुलाला किती गुण मिळाले हे विचारण्याआधी, आजचा दिवस कसा गेला एवढेच विचारा आणि मग थोडा वेळ गप्प बसा. पहिल्या दिवशी ते काही सांगणार नाही. दुसऱ्या दिवशीही विचारा. आपण ऐकणारी माणसे आहोत, अशी त्याची खात्री पटायला वेळ लागतो.